गणपतीनंतर जा

पिंपरीच्या कारखान्यात पहिल्या शिफ्टला जी लेथ मी चालवायचो, तीच दुसऱ्या शिफ्टला कॅम्पातला एक सिंधी चालवायचा. फाळणीत तो इकडे आला आणि बहीण तिकडेच सासरी राहिली. राजस्थानचं वाळवंट ओलांडून सिंधमध्ये जाणारी गाडी तेव्हा चालू होती. तिची सरहद्दीपलीकडची सगळी स्टेशनं त्याला पाठ होती.

पासष्टच्या ऑगस्टमध्ये त्याला व्हिसा मिळाला. तो माझ्याकडे आला. "भाऊ, दहा दिवस माझी शिफ्ट सांभाळ. तू हो म्हण, साहेब सोडतो."

दोन शिफ्ट सलग ओढणं मला जमलं असतं, अंगात रग होती. पण मला गणपतीला गावी जायचं होतं, आणि याने आयत्या वेळी विचारलं म्हणून डोकंही फिरलं होतं. मी फटकन म्हणालो, "गणपतीनंतर जा की राव. बहीण कुठं पळून चाललीय?"

तो कसनुसा हसला आणि मशीनकडे वळला.

गणपती उठायच्या आतच युद्ध पेटलं. ती गाडी बंद झाली ती झालीच. बहीण त्याला पुन्हा दिसली नाही.

माफी मागायला माझी जीभ कधी उचलली नाही. पुढं पंधरा वर्षं आम्ही त्याच लेथवर होतो. आईचं आजारपण असो की गावची जत्रा, मी शिफ्ट बदलून मागितली की तो कारण विचारत नसे. हातातला चहा खाली ठेवून एवढंच म्हणायचा, "जा भाऊ. आजच जा."