कुलदीप आडेनं सरळ केलेली रांग

कुलदीप आडे सोनपेरा साखर कारखान्याच्या गेटवर नंबर टेकर होता. उसाची गाडी आत आली की तिला नंबर लावायचा, एवढंच त्याचं काम. वाचायला सोपं वाटतं. पण ज्यानं थंडीत ऊस तोडून, गाडी भरून, बैल हाकत आणलेत, त्याला नंबर म्हणजे काय ते विचारा. नंबर लवकर लागला तर गाडी रिकामी करून माणूस घरी जातो. नाही लागला तर तिथंच बैलांच्या शेजारी आडवा होतो, आणि झोप लागेपर्यंत नंबर टेकरच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो.

शिरड शहापूरकडच्या एका तांड्यावरचं हे पोरगं. नांदेडला राहून संगणकाची पदवी घेतली, पुण्याला नोकरीही धरली. बाप वारला, आई एकटी पडली, म्हणून परत आला. तांड्याला पुण्याची नोकरी काही कळली नव्हती, गेटवरची मात्र लगेच कळली. त्याची आई नीलाबाई हापशावर बायकांना सांगायची, "आता आपल्या गाड्याला कोनी मागं सारनार न्हाई. माझं लेकरू बसलंय गेटवर." नीलाबाईनं हे बोलायला नको होतं. पण आयुष्यभर दुसऱ्यांची लेकरं मोठी झालेली बघणाऱ्या बाईनं कधी बोलायचं मग?

पूर्वी यार्डात गाड्या एकामागं एक उभ्या असायच्या. आपल्या पुढं कोण, मागं कोण, हे आंधळ्यालाही हाताला लागावं. दोन हजार तीनच्या हंगामात कारखान्याच्या मालकानं नारळ फोडून संगणक आणला आणि रांग डोळ्यांआड गेली. आता कुलदीप गेटवरच्या मशीनमध्ये गाडीचा क्रमांक टाकायचा, तो तारेवरून कचेरीतल्या मोठ्या मशीनला जायचा, आणि मोठं मशीन ज्या क्रमानं निरोप हाती पडतील त्या क्रमानं नंबर लावायचं. नंबर यार्डातल्या फळ्यावर लागले की त्याप्रमाणे पुकारा व्हायचा. गाडीवाल्यांनी बैल सोडावेत, झाडाखाली बसावं, बिडी ओढावी. चांगली सोय होती. फक्त एक गोष्ट सगळ्यांकडून मागितली होती, ती म्हणजे विश्वास.

हंगाम भरात आला आणि फळा खोटं बोलायला लागला. दिवसभर सगळं ठीक. संध्याकाळी गाड्यांची झुंबड उडाली की मात्र मागून आलेला ट्रॅक्टर पुढं आणि पुढची बैलगाडी मागं. दोन-चार नंबरांचाच फरक. पण ऊस ओतायची गव्हाण बंद व्हायला आली असली, की तेवढ्या फरकानं अख्खा मुक्काम पडतो. एकदा ही पाळी सेवावर आली. सेवा कुलदीपचा चुलतभाऊ, त्याच्याहून मोठा, लहानपणी त्याला खांद्यावर बसवून बाजारात नेणारा. त्याच्या मागून शेषराव बागायतदाराचा ट्रॅक्टर आला होता. पुकारा आधी ट्रॅक्टरचा झाला, आणि सेवाच्या गाडीपाशी आल्यावर गव्हाण थांबली.

सेवा गेटवर आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "काहून रे कुलदीप? आपली गाडी ओळखली न्हाईस का?"

"भिया, म्या तुझाच नंबर आधी टाकला. आईची शपथ."

"शपथ नगं घालू," सेवा म्हणाला आणि बैलांकडं गेला.

तांड्यावर बातमी कुलदीपच्या आधी पोचली. कुलदीप बागायतदारांना विकला गेला. काय घेतो, कुठं घेतो, कुणी पाहिलं नव्हतं. पाहायची गरजही नव्हती. कुणाच्या हाती नंबर असतो आणि तो खात नाही, असा माणूस त्या यार्डात आजवर कुणी बघितला नव्हता, आणि यात तांड्याची काही चूक म्हणता येत नाही. गंमत म्हणजे ट्रॅक्टरवाल्यांची एखादी ट्रॉली मागं पडली की तेही म्हणायचे, तांड्याचा आहे तो, तांड्याच्याच गाड्या पुढं काढतो. हापशावर नीलाबाई गेली की बायका गप्प व्हायच्या. गाण्याला बसल्या की तिला कुणी सरकून जागा देईना. घरी येऊन ती पोराला काही विचारत नसे, ताट वाढायची आणि दुसरीकडं बघायची.

आता हा माणूस काय होता ते सांगतो. दुसरा कुणी असता तर नशिबाला दोष देऊन बसला असता. कुलदीपनं फळ्याचा पिच्छा पुरवला. गेटवरून कचेरीपर्यंतची तार लांब होती. गव्हाणीच्या मोटारी जोरात चालल्या की ती मुकी व्हायची. तेवढ्या वेळचे निरोप गेटच्या मशीनमध्ये साठायचे, आणि तार बोलती झाली की सगळे एकदम धावायचे. मोठ्या मशीनच्या दारात त्यानं पहारा बसवला, म्हणजे आलेला प्रत्येक निरोप टिपणारा एक छोटा प्रोग्राम. दारात निरोप बरोबर ओळीनं येत होते. आत नंबर लावणाऱ्या प्रोग्रामच्या हाती पडताना मात्र उलटेपालटे होत होते. म्हणजे चोर दार आणि हात यांच्या मधे होता, मशीन चालवणाऱ्या मूळ प्रणालीतच.

ती प्रणाली कुणालाही उघडून वाचता येणारी होती, म्हणून तो वाचत बसला. नव्या मशीनला दोन प्रोसेसर होते, मालकाला त्याचा कोण अभिमान. दारात आलेले निरोप हे दोघं वाटून घेत. एक निरोप याच्या ओळीत, पुढचा त्याच्या ओळीत. निरोप सावकाश आले तर काही बिघडत नसे. पण घोळक्यानं आले की एक प्रोसेसर दुसऱ्या कामात गुंतलेला असायचा, त्याच्या ओळीतले खोळंबायचे, आणि दुसऱ्याच्या ओळीतले मागून येऊन पुढं जायचे. सेवाच्या गाडीचा निरोप गुंतलेल्याच्या हाती पडला होता. एवढंच. शेषरावालाही ठाऊक नव्हतं की आपण कुणाचा नंबर खाल्ला.

त्यानं यार्डाचे साहेब माणिकराव यांना बोलावून मशीन दाखवलं. भरदुपारी. एकेक गाडी येत होती आणि फळा एकेक नंबर बरोबर दाखवत होता. माणिकराव म्हणाले, "हे बघ आडे, मशीन मालकानं आणलंय. मशीन चुकलं असं मी वर सांगणार नाही. तुला काय निस्तरायचं ते गुपचूप निस्तर."

दरम्यान तांड्यानं नसाब बसवली. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. नाईक हरिचंद मधे, बाकीचे गोल. कुलदीप उभा राहिला. त्यानं जमिनीवर खडे मांडले, दोन ओळी केल्या, कुठला खडा कुठं अडतो ते हलवून दाखवलं. जीव तोडून सांगत होता. म्हातारे खड्यांकडं बघत होते, खरोखर लक्ष देऊन बघत होते. मग हरिचंद नाईकानं विचारलं, "हे मशीन कोन चालवतं?"

"मीच."

"मंग?"

कुलदीपनं पुन्हा खडे मांडायला घेतले. कुणीतरी हसलं. नाईक भला माणूस होता, त्यानं हसणाऱ्याला दटावलं आणि निवाडा पुढं ढकलला. "पुढल्या नसाबीपर्यंत बघू. तवर गाड्या बराबर ओळीनं लागल्या तर लागल्या, न्हाई तर बोलू."

कुलदीपला वाटलं, सुटलो. मला त्याचा इथं राग येतो. एवढा हुशार माणूस, दोन प्रोसेसरांच्या मधली फट त्याला दिसली, आणि समोरचा खड्डा दिसला नाही! पण त्याच्या डोक्यात एकच होतं, की दुरुस्ती झाली की सगळ्यांना दिसेलच. त्यानं त्या प्रणालीतल्या थोड्या सूचना बदलल्या, म्हणजे तारेवरून येणारा प्रत्येक निरोप एकाच प्रोसेसरच्या ओळीत पडेल, कितीही घोळका येवो. मग स्वतःच्या हातानं तार उपटली, निरोप साठू दिले, तार जोडली आणि धावत कचेरीत जाऊन पाहिलं. पुन्हा उपटली, पुन्हा जोडली. रांगेचा क्रम हलला नाही. तो खुर्चीत बसून एकटाच हसला. माझ्या माहितीप्रमाणे या सगळ्या प्रकरणात तो तेवढ्यापुरताच सुखी होता.

त्यानंतर फळा चुकला नाही. संध्याकाळची झुंबड असो, मोटारी गरजोत, जो आधी आला तो आधी. गाडीवाले आपसात हिशेब लावत, आणि प्रत्येक वेळी तो बरोबर निघे.

पुढली नसाब बसली. हरिचंद नाईक पागोटं नीट करत सगळ्यांना म्हणाला, "बघितलं का? नसाबीनं डोळे वटारले की पोरगं ताळ्यावर येतं. आता जुनं कोनी काढायचं न्हाई. लहान हाय, भुललं व्हतं."

"नाईक, म्या मशीनमधला बिघाड काढला," कुलदीप म्हणाला. आवाज चढला होता. "म्हनून रांग सुधारली. म्या कधीच कोनाचं काही घेतलं न्हाई!"

"व्हय, व्हय. झालं ते झालं." नाईकानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आरडू नको. मानूस चुकतं. सोडलंस हे महत्त्वाचं."

रांग बिघडत होती तेव्हा निदान संशय होता. रांग सुधारली आणि शाबित झालं. तो जेवढं चोख काम करणार, तेवढा पूर्वीचा चोर ठरणार. सगळे मायेनं बोलत होते, क्षमा करत होते, आणि क्षमा करणाऱ्याशी भांडता येत नाही.

घरी आला तर अंगणात धूर. नीलाबाईनं लापसी शिजवली होती. निखाऱ्यांवर तूप-गूळ घालून भोग लावला होता आणि हात जोडून ती अरदास करत होती, देवाला विनवत होती. पोराचं चुकलं, त्याला पदरात घे, त्याला चांगली बुद्धी दिलीस ती टिकव. कुलदीप दारातच थांबला.

"याडी, तू तरी," तो म्हणाला. "तुला तरी वाटतं का म्या खाल्लं?"

नीलाबाईनं लापसीचा घास त्याच्या तोंडापाशी आणला. कित्येक दिवसांनी ती त्याच्याकडं सरळ बघत होती. "मी काही इचारलं का तुला? खा. आता सगळ्या बाया बोलतात माझ्याशी." त्यानं तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेटवर झुंबड होती आणि तार मुकी झाली होती. बदल करण्याआधीची जुनी प्रणाली मोठ्या मशीनवर तशीच पडून होती. मशीन बंद करून चालू करायचं, चालू होताना दिसणाऱ्या यादीतलं जुनं नाव निवडायचं, आणि स्वतः यार्डाच्या मधोमध हात वर करून उभं राहायचं. नसाबीनं सुधारलेल्या पोराचं यार्ड, आणि तरी फळा चुकतोय! मग तरी म्हणतील का, की मशीनच खोडील आहे? की म्हणतील, पुन्हा खायला लागला? तो कचेरीत जाऊन मशीनपुढं बसलासुद्धा. बोट बटणावर होतं. खिडकीतून गेटवरची रांग दिसत होती. पुढं सेवाची गाडी, बैलांच्या तोंडाला फेस आलेला, आणि तिच्या मागं लांबलचक ट्रॅक्टर. गव्हाण बंद व्हायला थोडाच अवकाश होता.

कुलदीप उठला आणि गेटवर जाऊन बसला. नंबर टाकले. तार बोलती झाली आणि फळ्यावर सेवाचा नंबर ट्रॅक्टरच्या आधी लागला.

गाडी रिकामी करून जाताना सेवा मुद्दाम गेटपाशी थांबला. कासरा आवळून खाली वाकला आणि पूर्वीसारखा मोकळा हसला. "बघ," तो म्हणाला, "इमानानं ऱ्हायलं की जिवाला कसं बरं वाटतं. वाटतंय का न्हाई?"

मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवला. कुलदीपनं पुढच्या गाडीचा क्रमांक टाकला.

"व्हय, भिया," तो म्हणाला.