पहिलं नको

आमच्या घरी रीत होती. कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नकोच, पण जरा हळू आवाजात. तिसऱ्यांदा आग्रह झाला की ‘बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर’ असं पुटपुटत हात पुढे करायचा. आईनं हे आमच्याकडून इतकं घोटून घेतलं होतं की कुणाकडे लाडवांची बशी समोर आली की आम्हा भावंडांच्या तोंडून ‘नको’ निघे आणि डोळे मात्र बशीवरच असत.

ऐंशीच्या दशकात मी अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या एका ऑफिसात टायपिस्ट होते. राहायला बोरीवलीला, दादा-वहिनीकडे. आई एकटी गावी, वेंगुर्ल्याच्या अलीकडे, अगदी किनाऱ्यावरच्या घरात. लहानपणी मी मुंबईला आले ती बोटीनं. बोट दिसेनाशी होईपर्यंत आई वाळूत उभी होती. आमचं घर समुद्रातून मी पाहिलं ते तेवढं एकदाच. पुढे बोट बंद झाली. मग एसटीनं जायचं आणि घराच्या मागच्या दारानं आत शिरायचं. एकदा तरी समुद्रातून घरी जावं आणि आईनं तिथेच वाळूत उभं असावं, एवढं माझ्या मनात होतं.

आमच्या साहेबांची स्वतःची शिडाची यॉट होती. नाताळच्या सुट्टीत ते बायको-मुलांना घेऊन किनाऱ्याकिनाऱ्यानं पार गोव्यापर्यंत जात. एका वर्षी बाईसाहेबांच्या बहिणीचं ऐन वेळी रद्द झालं आणि यॉटवर एक जागा रिकामी राहिली. बाईसाहेब ऑफिसात आल्या त्या सरळ माझ्या टेबलाशी. म्हणाल्या, तू तिकडचीच ना? चल आमच्याबरोबर. तुझ्या गावावरूनच जाऊ. बाजारात मासळी घेताना तुझी भाषाही कामाला येईल.

मनानं मी तेव्हाच यॉटवर चढले. आणि तोंडातून निघालं, “नको हो, तुम्हाला उगाच त्रास.”

बाईसाहेब पारशी. त्यांच्याकडे नको म्हणजे नको. “ओके,” म्हणाल्या. मी पुढच्या आग्रहाची वाट बघत टाइपरायटरमधला कागद उगाच सरळ करत होते. तिसऱ्या आग्रहाला दादाची परवानगी कशी काढायची, हेसुद्धा ठरवून टाकलं होतं. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून आवाज आला, “मी येऊ का, बाईसाहेब?”

ही माझी मैत्रीण. नागपूरकडची, होस्टेलवर राहणारी. माझ्या डब्यात बांगडा असला की नाकाला रुमाल लावणारी. जुहूला गेलो की चपला हातात घेऊन कोरड्या वाळूतच उभी राहणारी. ती निघाली यॉटमधून माझं कोकण बघायला.

“तू नकोच म्हणालीस ना गं?” तिनं मला नंतर विचारलंही. जायचं होतं म्हणून नको म्हणाले, हे कुठल्या तोंडानं सांगणार? जा, मजा कर, म्हटलं. आणि हिला रेवदंड्यापासूनच उलट्या सुरू होवोत, अशी मनोभावे प्रार्थना केली. ती साफ वाया गेली.

ती गेली आणि मी बिलं टाइप करत बसले. आज जंजिरा मागे पडला असेल, आज विजयदुर्ग आला असेल, असा माझा प्रवास खुर्चीवरूनच चालला होता. घरी वहिनी म्हणायची, लोकांकडे दात असतात तर चणे नसतात. तुझ्याकडे दोन्ही होतं, तोंडच उघडलं नाहीस.

ती परतली तेव्हा नाकाची सालं निघालेली, अंगानं रापलेली, आणि दिसत होती मात्र झकास. डबा खाताना तिची टकळी सुरू. शीड वाऱ्यानं फुगलं की इंजिन बंद करतात, मग नुसतं पाणीच ऐकू येतं. बोट कलली की चहाचं भांडंही हातानं धरून ठेवावं लागतं. डॉल्फिन तर अगदी बोटीला खेटून. मतलई वारा पहाटे जमिनीवरून कसा सुटतो, हेही तिनं मला समजावून सांगितलं. माझ्या गावचा वारा, मला. हेवा वगैरे सभ्य शब्द झाले. मी जळत होते.

मग तिनं पर्समधून एक पुरचुंडी काढली. आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा मी लांबूनच ओळखला. आत घरच्या कोकमाची सोलं होती.

तुमच्या गावासमोर वारा पडला, नांगर टाकला, पाणी भरायला छोट्या होडीतून किनाऱ्यावर गेलो, असं ती सांगत होती. घर तिनं माझ्या वर्णनावरूनच ओळखलं. आई शोधावी लागली नाही. शीड दिसलं म्हणून ती आधीच वाळूत येऊन उभी होती.

मी डबा बाजूला सारला.

आईनं तिला जेवायला घातलं. बांगड्याचं तिखलं वाढलं आणि हिनं ते खाल्लं.

“माझं काही विचारलं?” मी म्हटलं.

“तू का नाही आलीस ते विचारलं. मी सांगितलं, तिला विचारलं होतं, तीच नको म्हणाली.”

“मग?”

ती आठवून आठवून, नागपुरी हेलात, माझ्या आईचं मालवणी बोलू लागली. “नको म्हणूक मियाच शिकयलंय तिका. होय कधी म्हणूचा, ता शिकवूचा ऱ्हवला.”

माझ्या आईचे शब्दसुद्धा हिच्याच तोंडून ऐकायचे होते.

“आणि पुढे?”

“पुढे काही नाही. आणखी भात वाढू का म्हणाल्या.”

“तू काय म्हणालीस?”

“वाढा म्हटलं.”

“पहिल्यांदाच?”

“पहिल्यांदाच. बाप्पा, किती खूश झाल्या गं त्या.”