निरंक

साहेब सडकेवरच थांबले. आरोग्य सर्वेक्षणाला आले होते, पण आमच्या बौद्धवस्तीत शिरले नाहीत. मोटारसायकल चालूच ठेवून हाक मारली, "कोणी आजारी हाय का इकडं?"

आई पदराने तोंड पुसत बाहेर आली. "मलाच खोकला हाय, साहेब. दिवाळीपासून जाऊनच न्हाई राह्यला."

"धुळीचा असंल. गरम पाणी पेत जा."

"अन् ते बोटाला लावायचं यंत्र?" मी विचारलं. आवाज बारीकच निघाला.

"सेल उतरलेत." वहीत काहीतरी लिहून ते गेले.

मला खरं वाटलं. थोड्या वेळाने चहापत्ती आणायला वरच्या गल्लीत गेले, तर पाटलांच्या ओसरीवर तेच साहेब बसलेले. पाटलांचं बोट यंत्राच्या चिमट्यात. यंत्र वाजत होतं. मला बघून साहेबांनी मान खाली घातली नाही. मीच घातली.

पुढे सरपंचांचा निरोप आला. ग्रामसभेत मी भाषण वाचायचं, 'निरोगी गाव, भक्कम गाव'. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, म्हणून आई हरखली. मला मात्र संशय आला. मीच का? सरपंच स्वतःच बोलले, "तुमच्यातली पोरगी असली की फोटोत बराबर दिसतं."

भाषण त्यांनीच लिहून ऐन सभेत हातात दिलं, ऑफिसातल्या पाठकोऱ्या कागदावर. सभेत उभी राहिले, कागद उलटला. मागे सर्वेक्षणाची झेरॉक्स होती. गल्लीवार आजाऱ्यांची नावं. आमच्या वस्तीपुढे एकच शब्द. निरंक.

"निरंक म्हंजे काय, सरपंच काका?"

"काहीच न्हाई, असं."

मागून कोणीतरी हसलं, "बीएची पोरगी अन् एवढं येत न्हाई!"

"मंग आमच्या घरात खोकून कोण राह्यलंय?"

हसू थांबलं. मी पुढे बोलले. बंधारा फुटला तेव्हा मातीच्या पाट्या वाहायला माणसं न्यायला तुम्ही आमच्या दारात आला होता. सडकेवरून हाक मारली नव्हती. माझी आई तुमच्याच बायांशेजारी कापूस वेचते. ती आडवी पडली, तिचा खोकला तुमच्या घरी आला, तर पुढच्या वेळी बंधारा कोण बांधणार?

कागद टेबलावर ठेवून मी निघाले. फोटो निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन वस्तीत फिरले. तिथेही संशय. "कशाला लिवतीस गं? राशनमधून नाव काटतीस का?" एक आजी म्हणाली. मला राग आला नाही. आजवर लिहून नेणाऱ्यांनी तिला हेच शिकवलंय. मी आत जाऊन तिच्याजवळ बसले. मग ती गुडघ्यांचं बोलली, छातीत दुखतं त्याचंही.

वहीत पहिलं नाव आईचं आहे. उद्या तिला तालुक्याला तपासायला नेणार आहे. पण तेवढ्यावर मी कोणाला सोडणार नाही.

साहेब परत येतील. सडकेवरूनच हाक मारतील. मी वहीची प्रत पुढे करीन आणि पोच मागेन, सही-तारखेसह. सेल उतरलेत म्हणाले, तर नवे सेल माझ्या पिशवीत आहेत.