शेवटच्या डब्याची वाट

मी राहते त्या परदेशी शहरात, क्वीन्सटाउन वस्तीच्या मागच्या झाडीतून जुन्या रेल्वेमार्गाची पायवाट जाते. रूळ केव्हाच उचलले गेले. त्या वाटेवरच्या बंकरचं लोखंडी दार आज उघडलं, ओल्या सिमेंटचा वास अंगावर आला आणि त्याच्याबरोबर बाबा आठवले.

युद्धात भोंगा वाजला की रेल्वेची माणसं इथे खाली उतरत. दोन बाकं, कंदील आणि एक टेलिफोन. वर बॉम्ब पडत असले तरी गाड्यांची खबर इथून पुढे जात राही. मग युद्ध संपलं, वर्षानुवर्षं वेलींनी दार झाकलं, आणि आता लोक तिकीट काढून सेल्फी घ्यायला येतात. बाबा जन्मभर लहानसहान स्टेशनांवर स्टेशनमास्तर होते. काही वर्षांपूर्वी मी त्यांना हा बंकर दाखवायला आणलं, तेव्हा ते त्या बाकावर टेकलेसुद्धा नाहीत. ड्यूटीवरच्या माणसाची जागा, म्हणे.

आई गेल्यावर त्यांनी आमच्याकडेच राहावं म्हणून मी जंग जंग पछाडलं होतं. त्या दिवशी इथे येता येता त्यांनी सांगून टाकलं, "तुझं घर छान आहे गं. पण इथे माझं काम काय? परवा निघतो मी." मला इतका राग आला, की सगळे बाहेर पडले तरी मी आतच कोपऱ्यात तोंड फुगवून उभी राहिले. चाळिशी उलटलेली बाई मी.

गाइड म्हणजे साठीच्या एक चिनी आंटी. त्या दार लावायला निघाल्या, तर बाबा दारात हात वर करून उभे. शेवटच्या डब्यामागचा दिवा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडी पूर्ण आली असं स्टेशनमास्तर मानत नाही. "लास्ट व्हेइकल नॉट कम, मॅडम," ते समजावत होते. मी वर आले तेव्हा कुठे तो हात खाली आला. "आली पूर्ण गाडी," एवढंच म्हणाले.

ते भारतात परत गेले. दोन वर्षांनी तिकडेच वारले, आणि मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. सगळ्यांसाठी थांबणारा माणूस माझ्यासाठी थांबू शकला नाही, हे मला अजून सलतं.

आज आतून निघायला मला जरा वेळच लागला. पायऱ्यांपाशी येऊन वर पाहिलं, तर त्याच आंटी दारात हात वर करून उभ्या.

"टेक युअर टाइम लाह," त्या इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाल्या. "वन इंडियन अंकल टीच मी. लास्ट वन नॉट आउट, डोअर कॅनॉट क्लोज."

त्यांनी मला ओळखलं नव्हतं. इथे माझं काम काय, असं विचारून गेलेल्या माणसाचं काम इथे रोज चालू होतं. उरलेल्या पायऱ्या मी मुद्दाम सावकाश चढले.