डोळे तपासणीत मी पास झालो

हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या. मधी कुणी फिदीफिदी केलं तर मी उठून जाणार, मग चहाचं पैसं तुम्हीच द्या.

काय सांगू, मी जन्मभर लोकांवर चिडलो. मास्तरावर चिडलो, सासऱ्यावर चिडलो, गावाकडं आमच्या रेड्यावर बी चिडलो. पण त्या दिवशी परळला ज्याच्यावर चिडलो, तसा कुणावर चिडलो न्हाई. सुरुवातीपास्नं सांगतो, न्हाईतर म्हणाल तात्या येडाच हाय.

मी लालबागला पिठाच्या चक्कीवर हाय, ते तुम्हाला ठाव हायच. गेल्या वर्सापास्नं माझ्या डोळ्यापुढं पीठ उडाल्यागत दिसायचं. मला वाटायचं, पीठच हाय. चक्कीवर पीठ न्हाई उडणार तर काय गुलाल उडणार? तोंड धुतलं तरी पीठ. चक्की बंद असली तरी पीठ. तरी मी म्हणायचो, पीठच.

मग एका एकादशीला घोळ झाला. एका वहिनींनी उपासाची भाजणी दळायला दिली हुती, आन् दुसऱ्या एकीनं थालपिठाची. दोन्ही डबं स्टीलचं, दोन्हीवर नावाची चिठ्ठी. मला चिठ्ठी म्हंजे नुसता पांढरा ठिपका. डबं दिलं अदलाबदल करून. उपासवाल्या वहिनी दिवसभर देवाचं नाव घेत गहू-ज्वारी-हरभऱ्याची थालपिठं खात बसल्या. संध्याकाळी सासूनं चव बघितली आन् चाळीत बोंब उठली.

वहिनी चक्कीवर आल्या. म्हणाल्या, "तात्या, माझ्या उपासाचं पुण्य गेलं, त्याचं काय?"

मी म्हणलो, "वहिनी, पोट तर भरलं का न्हाई?"

आता हे बोलायचं हुतं का? चूक माझी, आन् वर तोंड बी माझंच.

मालक तिथंच गल्ल्यावर बसला हुता. म्हणला, "तात्या, आधी डोळे करून ये. दिसायला लागलं की ये कामावर. नाहीतर गावाला जा, मी दुसरा माणूस बघतो."

गावाला जाऊन काय करू? धाकट्या भावाच्या ओसरीवर बसू आन् त्याच्या बायकोनं आदळलेली भांडी मोजू?

गेलो भोईवाड्यात एका डॉक्टरकडं. त्यानं डोळ्यात बॅटरी मारली. म्हणला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय, ऑपरेशन पाहिजे. आन् आकडा सांगितला.

मी म्हणलो, "डॉक्टर, मी डोळ्याचं विचारलं. म्हशीचं न्हाई."

त्यो काय हसला न्हाई. मग मला आला राग. तपासणीची चिठ्ठी बी न घेता तरातरा जिना उतरलो. तेवढी चिठ्ठी घेतली असती ना, तर पुढचं रामायण झालंच नसतं. पण राग आला की आमचं असं असतंय.

मग आमच्या मंडळीनं पदर खोचला. ती एका घरी पोळ्या करती, तिथनं तिला कळलं की परळला एक ट्रस्टचं हॉस्पिटल हाय, पिवळं रेशनकार्ड आन् उत्पन्नाचा दाखला असंल तर मोतीबिंदू फुकट काढत्यात. दाखल्यासाठी तिनं काय खेटं घातलं, इचारू नका. आज साहेब न्हाई, आज शिक्का न्हाई, आज शिक्का हाय तर साहेब जेवायला गेलेत. गरीब हाय हे दाखवायला जेवढी सवड लागती, तेवढी गरिबाकडं कुठनं असणार? पण तिनं केलं. सगळं कागद एका पिशवीत घातलं आन् मला म्हणाली, "तुम्ही फकस्त गप बसायचं. इचारलं तेवढंच बोलायचं."

म्हणलं बरं.

परळला गेलो तर ही लाइन. आम्ही बाकड्यावर बसलो. पुढं एक पडदा. पडद्याच्या आत पांढरा कोट घातलेली एक पोरगी एकेकाला बसवून भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचून घेत हुती. पडदा कसला, नावाला पडदा. आतलं सगळं बाहेर ऐकू येत हुतं.

माझ्या पुढं सफारी घातलेला एक म्हातारा हुता. त्यो गेला आत. दोन ओळी वाचल्या आन् अडकला.

पोरगी म्हणली, "आजोबा, दिसत नाही की वाचता येत नाही?"

तिनं साधंच इचारलं हुतं हो. पण बाकड्यावरची दोन-चार टाळकी हसली. म्हातारा बाहेर आला न्हाई, तिनं त्याला आतल्या दारानं पलीकडं पाठवला. माझ्या मनात भरलं की गेला, हाकलला.

माझं झालं पाणी पाणी. मी शाळेत गेलो ते दुसरीपर्यंत. तिसरीत बसलो, पण मास्तराचं आन् माझं पटलं न्हाई. चक्कीवरच्या चिठ्ठ्या बी मी वाचत न्हवतो, नुसत्या आकारावरनं वळखायचो. त्यात लाइनीत आमच्याच चाळीतल्या दोघी बसलेल्या. उद्या नळावर सगळ्यांना कळणार, तात्याला अक्षर येत न्हाई. म्हणलं, छ्या. असं हुऊ द्यायचं न्हाई.

आन् मला मार्ग दिसला. एवढा एकच दिसला त्या दिवशी.

तक्ता तर सगळ्यांना एकच हुता. आत गेलेला जो तो तीच अक्षरं, त्याच ओळीनं, मोठ्यानं म्हणत हुता. शाळेत पाढं मी असंच कानानं शिकलेलो. बसलो पाठ करत. एक जण गेला, पहिल्या ओळी पक्क्या. दुसरी बाई गेली, तिचं डोळं बरं असणार, ती पार खालपर्यंत गेली. मी बी तिच्या मागनं खालपर्यंत गेलो.

मंडळी म्हणली, "काय पुटपुटताय?"

"जप करतोय."

"कधीपास्नं?"

"गप बस तू."

माझा नंबर लागला. आत गेलो, खुर्चीवर बसलो. समोर भिंतीवर काय तरी पांढरं लटकत हुतं. चादर असंल न्हाईतर तक्ता असंल. मी तक्ताच हाय असं धरलं.

"काका, एक डोळा झाका. वरून वाचा."

मी सुरू झालो. गाडी उताराला लागल्यागत. पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी.

"काका, थांबा, थांबा. मी कांडी कुठं ठेवलीये ते वाचा."

"कांडी ठेवा कुठं बी," मी म्हणलो, "मी येतो तिथं."

आन् पार खालपर्यंत जाऊन थांबलो. तिनं दुसरा डोळा झाकायला लावला. परत तेच. ह्या टायमाला जरा चाल लावून म्हणलं.

पोरगीला सकाळपास्नं माणसं तपासून तपासून घाम आला हुता. ती म्हणली, "वा काका. ह्या वयात एवढं कुणी वाचत नाही."

मी मान वळवून बाकड्याकडं बघितलं. दिसलं कुणी न्हाई, पण बघितलं. तिनं माझ्या हातात थेंबाची बाटली दिली, एक केळं दिलं आन् म्हणली, "या आता." मी बाहेर.

छाती अशी फुगली हुती म्हणता. मंडळीला म्हणलं, "पास झालो. पहिला नंबर."

ती म्हणली, "ऑपरेशन कधी म्हणली?"

"ते काय बोलली न्हाई. केळं दिलं."

शेजारी बसलेली एक बाई म्हणली, "अहो, ज्यांना वाचता येत नाही त्यांनाच आत डॉक्टरकडं पाठवतात. ज्यांना येतं त्यांना केळं देऊन घरी."

मंडळी माझ्याकडं बघत राहिली. दिसत न्हाई म्हणतो मी, पण ते बघणं मला दिसलं.

"पाठ केलंत?"

मी केळं खिशात घातलं.

"जप म्हणं. आवो, पहिल्यांदा जन्मात काय तरी पाठ केलंत, ते बी हितं?"

मग मी परत पडद्यात घुसलो. म्हणलं, "बाई, मला दिसत न्हाई."

ती म्हणली, "काका, आत्ता तुम्ही शेवटची ओळ वाचलीत."

"वाचली न्हाई. म्हणली."

"म्हणजे?"

"पाठ हुती."

तिनं कपाळाला हात लावला. "काका, ऑपरेशनच्या जागा थोड्या आहेत. ज्यांना खरंच दिसत नाही त्यांचा नंबर जातो हो असा."

बगा म्हंजे. आधी भांडायला तयार हुतो की मला दिसतंय, आता भांडतोय की दिसत न्हाई. पिशवीत गरीब असल्याचा कागद हुता, आंधळा असल्याचा न्हवता. मी आवाज चढवला. तिनं बी चढवला.

"मी लिहिलेलं मला खोडता येत नाही. परत तपासायचं तर मोठ्या साहेबांना विचारा. ऑफिस पॅसेजच्या टोकाला आहे. जा."

मंडळी पिशवी आणायला बाकड्याकडं वळली. माझं डोकं तापलेलं, मी थांबतोय कशाला. भिंतीला हात लावत लावत निघालो.

पॅसेजच्या टोकाला अंधार. आन् तिथं दाराशी साहेब उभे. पांढरीधोप कापडं, उंचपुरे, आन् हात जोडलेले. मला बरं वाटलं. म्हणलं, भला माणूस दिसतोय, आपण बोलायच्या आधीच नमस्कार.

"साहेब, रामराम," मी म्हणलो.

साहेब हसत हुते. अंधुक अंधुक, पण हसणं कळत हुतं.

मी सगळं सांगितलं. चक्की सांगितली, भाजणी सांगितली, मालक काय म्हणला ते सांगितलं. तक्ता पाठ केल्याचं बी सांगितलं. साहेब हात जोडून हसतायत.

"साहेब, पुन्यांदा तपासा एवढंच म्हणणं हाय."

साहेब हसतायत.

आता मला सांगा, माणसाच्या पोटावर आलेली असताना समोरचा नुसता हसला तर तुमची सटकंल का न्हाई? माझी सटकली.

"हसताय काय? म्या काय तमाशा लावलाय? हात जोडून कटवताय व्हय मला? तुम्ही एसीत बसणार, पोट सुटणार, आन् आम्ही डोळ्यात पीठ घेऊन मरायचं? बोला की. तोंडात काय पान हाय का?"

एक अक्षर न्हाई. मी आणखी बोललो. त्यातलं सगळं हितं सांगण्यासारखं न्हाई, बायामाणसं ऐकत्यात.

मग बोलता बोलता माझाच राग उतरला. म्हणलं, हा माणूस एवढं ऐकून घेतोय, उलट बोलत न्हाई, आन् आपण त्याला शिव्या घालतोय. ह्यानं न्हाई म्हणलं तर संपलं. मालकाचा दुसरा माणूस चक्कीवर, आन् मी भावाच्या ओसरीवर. माझं नाक खाली आलं.

"माफी करा साहेब," म्हणलं आन् पाय धरायला वाकलो.

माझं डोकं साहेबांच्या गुडघ्याला लागलं, आन् साहेब उभ्याच्या उभे मागं गेले. आडवे.

म्हणलं, मेला. आपल्या तोंडानं माणूस मारला.

"पाणी आणा रं," मी वरडलो. "साहेबांला चक्कर आली. साहेब पडले."

जवळ बसलो. हवा घातली. साहेब अजून हसतायत. मला वाटलं साखर कमी झाली असंल, आमच्या मेव्हण्याला व्हतंय तसं. खिशात केळं हुतं. सोललं आन् साहेबांच्या तोंडाशी धरलं.

"खावा साहेब. एक घास खावा."

तेवढ्यात सगळी धावत आली. पांढरी कोटवाली पोरगी, तिच्या मागं एक डॉक्टरीणबाई, शिपाई, आन् आमची मंडळी पिशवी घिऊन. सगळी येऊन थांबली. कुणी पाणी आणलेलं न्हाई.

शेवटी मंडळीच म्हणली, "आवो, पुठ्ठा हाय त्यो."

ट्रस्टच्या अध्यक्षांचं कटआउट. 'आपले स्वागत आहे' म्हणून उभं केलेलं. मोठे साहेब तर त्या दिवशी आलेच न्हवते.

डॉक्टरीणबाईंनी तोंडावर हात धरला, पण खांदं हलत हुतं. मग त्या पोरगीला म्हणल्या, "ह्यांना घे आत. तक्ता नको दाखवूस."

पोरगीनं माझा हात धरला. मला वाटलं आता टोमणा मारणार. ती म्हणली, "काका, सॉरी. मी बॅटरी मारून बघायला हवं होतं." तिचा आवाज रडवेला झालेला. मीच म्हणलं, "ऱ्हाऊ दे पोरी. तू परीक्षा घेतलीस, कॉपी मी केली."

आत बघितलं, दोन्ही मोतीबिंदू पिकलेले. माझं नाव लागलं. ऑपरेशन फुकट, भिंग फुकट, काळा चष्मा फुकट. चक्कीवर परत जायचं नक्की झालं.

आता ही गोष्ट हितंच संपायला पाहिजे हुती. पण माझं तोंड. संध्याकाळी चाळीत आलो तर सगळी गॅलरीत जमलेली. काय झालं, काय झालं. मी म्हणलो, "व्हायचं काय? ती पोरगी न्हाई म्हणली. मग मी सरळ मोठ्या साहेबांपुढं जाऊन उभा राहिलो. असा सुनावला, असा सुनावला. एक शब्द उलट बोलले न्हाईत. हात जोडून उभे."

खोटं काय हाय ह्यात? सांगा की.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर बाहेर चपलांचा ढीग. कुणाच्या सासूचा मोतीबिंदू, कुणाच्या मुलीचा चष्मा, एकजण तर गुडघा घिऊन आला हुता. "तात्या, तुमची साहेबांशी वळख हाय. एकदा चला की आमच्यासंगं. तुमचं ऐकत्यात ते."

मी घाम पुसत मंडळीकडं बघितलं. ती चहाचं आधण ठेवत हुती. मान बी वर न करता म्हणली,

"जावा की. हललेत कुठं ते तिथनं."