अण्णांच्या करवतीचे लाल आकडे

वसईत होळी नावाच्या भागातल्या आमच्या घरामागे, केळीच्या वाडीला लागून, पत्र्याची एक खोली होती. तिला सगळे अण्णांचा कारखाना म्हणत. अण्णा म्हणजे माझे सासरे. निवृत्त झाल्यावर त्यांनी तिथे करवतीचं मशीन बसवलं: लोखंडी टेबल, मधून वर आलेलं गोल पातं, आणि ते पातं हवं तेवढं कलतं करायला बाजूला चाक. पातं किती अंश कललंय ते सांगायला काडेपेटीहून जराशी मोठी एक डिजिटल डबी होती. बुडाला लोहचुंबक. आधी टेबलावर ठेवून शून्य करायची, मग पात्याला चिकटवायची, की आकडा दिसे. म्हणजे आम्हाला दिसे. काचबिंदूमुळे अण्णांना तो फिका करडा आकडा दिसेनासा झाला होता.

लाकूड दिसायचं, पातं दिसायचं, पेन्सिलीची रेघसुद्धा दिसायची. नेमका तो मेला आकडा दिसायचा नाही. मग ते नाक पात्याला टेकेल इतके वाकायचे. एकदा असे वाकलेले असताना त्यांचं कोपर थेट स्विचवर टेकलेलं माझ्या नवऱ्याने पाहिलं, आणि तो असा हादरला की दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक शोधून आला. जूचंद्रचा एक फर्निचरवाला. "दिवाळीनंतर घेऊन जा," असं हा त्याला सांगूनही मोकळा झाला. अण्णा एवढंच म्हणाले, "यंदाचा कंदील तरी करू दे," आणि मग कुणाशी धड बोललेच नाहीत. मला भयंकर राग आला. नवऱ्याचा आला, पण त्याचंही काही खोटं नव्हतं. म्हणून मग सगळा राग मी त्या डबीवर काढला.

मी तेव्हा वसई पूर्वेला एका गाळ्यात इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करायचे. डबीच्या सेलशेजारी एक चिमुकलं झाकण होतं, आत तांब्याच्या चार पट्ट्या. असल्या पट्ट्या कुणी शोभेला लावत नाही. डबी गाळ्यात नेऊन स्कोपला, म्हणजे तारेतली वीज पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राला, जोडली, तर काय, बाईसाहेब आपला आकडा सतत बाहेर सांगतच होत्या! एका तारेवर ठोके, दुसरीवर आकडा. फक्त आवाज बारीक, दीड व्होल्टचा. घरी येऊन तो मोठा करायला ट्रान्झिस्टर लावले, ठोके मोजून आकडा जुळवायला एक चिप, आणि पुढे बँकेत टोकनचे असतात तसले मोठे लाल आकडे. तारा केसासारख्या, सोल्डरचा डाग दिला की तुटायच्या. मी त्यांना तोंडाला येईल ते बोलायचे. सासूबाई दारातून म्हणाल्या, "अगं हळू! शेजारचे चर्चला निघालेत."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आकडे भिंतीवर लागले. अण्णा ताठ उभे राहिले, चाक फिरवलं आणि मोठ्याने वाचलं, "बावीस पॉइंट पाच!" परत फिरवलं, परत वाचलं. दुसऱ्या दिवशी मशीनची पूजा त्यांनी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ केली.

मग कंदील. लाकडाच्या आठ पट्ट्या, प्रत्येकीच्या दोन्ही कडा साडेबावीस अंशांत कापलेल्या. कडेला कड लावून उभ्या केल्या की अष्टकोन मिटायला हवा. मिटला नाही. पहिल्या आणि शेवटच्या पट्टीत बोट जाईल एवढी फट. आधी मी स्वतःवरच संशय घेतला. डबीचा छोटा पडदा आणि भिंतीवरचा आकडा ताडून पाहिले, तर तंतोतंत सारखे. परत पट्ट्या कापल्या. परत तेवढीच फट.

"आकडा बरोबर आहे ना?" अण्णांनी विचारलं.

"बरोबर आहे."

"मग माझाच हात गेला." त्यांनी पट्ट्या गोळा करून कोपऱ्यात ठेवल्या. "त्याला सांग, दिवाळीपर्यंत कशाला थांबायचं? उद्याच ने म्हणावं त्या माणसाला."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला आणखी राग येतो. टेबलावरची डबी मी तारांसकट एका बाजूला सारली. भिंतीवर शून्य होतं, त्याचं झालं शून्य पॉइंट सहा. मी थबकले. सपाट टेबलावर डबी कुठेही सरकवा, शून्य शून्यच राहायला हवं. परत जागेवर आणली: शून्य. बाजूला: पॉइंट सहा. आकडे एवढे मोठे नसते तर माझ्या लक्षातही आलं नसतं.

अण्णा डबी नेहमी पात्याच्या डावीकडे, एकाच जागी ठेवून शून्य करायचे. पूजेत त्यांनी कुंकवाची बोटं ओढली होती तीही तिथेच, आणि यंत्रावरचं कुंकू आमच्याकडे पुसत नाहीत, आपोआप जाईल तेव्हा जाऊ देतात. मी त्यावरून नख फिरवलं. कुंकवात चिकटून वाळलेली अक्षतेची एक कणी टचकन उडाली. डबीचं एक टोक तिच्यावर चढून बसत होतं, आणि तो अर्धा-पाऊण अंश सोळा कडांत साठून बोटभर फट होत होती.

"अहो अण्णा, कसला हात गेला! ही बघा, तुम्हीच वाहिलेली अक्षता!"

त्यांनी कणी तळहातावर घेतली, डोळ्यांजवळ नेली. "अरे देवा," म्हणाले, "मशीन जाऊ नये म्हणून यंदा मूठभर जास्तच वाहिल्या गं!" आणि स्टुलावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. माझा जीव भांड्यात पडला. इतकं हलकं मला बाळंतपणानंतरसुद्धा वाटलं नव्हतं.

त्यांनी स्वतःच्या हाताने टेबल स्वच्छ पुसलं. नव्याने कापलेली आठवी पट्टी बोटाने दाबताच बसली. सांध्यात नखही शिरेना.

संध्याकाळी नवरा कामावरून आला तेव्हा अण्णा दुसऱ्या कंदिलाला लागले होते. तो दारातच उभा राहिला. अण्णांनी ताठ उभं राहून भिंतीवरचा आकडा वाचला, डबी काढून ठेवली, हात लांब ठेवून पट्टी कापली, मशीन बंद केलं. मग तो घरात गेला. घराचं मागचं दार उघडंच होतं. त्याने फोन लावल्याचं आम्हाला ऐकू आलं.

"रागावू नका हं, पण मशीन द्यायचं नाही आता," तो सांगत होता. "नाही हो, दिवाळीनंतरही नाही. माझे वडील वापरतात ते."

अण्णांनी नवी पट्टी टेबलावर धरली होती. फोन ठेवल्याचा आवाज येईपर्यंत ते तसेच थांबले, आणि मग त्यांनी बटण दाबलं.