हवालदार नाथाजींचा डावा पाय

कुंडलच्या हवालदार नाथाजींच्या मते जगात नीट वाजणाऱ्या गोष्टी दोनच: पलटणीचा बँड आणि त्यातला त्यांचा स्वतःचा ट्रम्पेट. बाकी सगळी बोंब. पेन्शनीत आल्यावर गावच्या बँडवाल्यांनी वरातीत वाजवायला बोलावलं, तर म्हणाले, "नवरदेवाचं घोडं बुजल असं वाजवणाऱ्यांत मी उभा ऱ्हानार न्हाई." ट्रम्पेट ट्रंकेत गेला, किल्ली करदोट्याला. दर रविवारी पुसायचा आणि परत कुलूप. वीस वर्षं हेच. असल्या मोठेपणाला काय जाळायचंय?

तोच ट्रम्पेट नातीनं, शिवांजलीनं मागितला. ती कराडला इंजिनिअरिंगला होती आणि पोरांच्या स्का, म्हणजे जमैकाच्या उडत्या नाचगाण्यांच्या, बँडमध्ये उसन्या, हवा गळणाऱ्या ट्रम्पेटवर भागवत होती. "आदी ऐकतो," नाथाजी म्हणाले आणि नाही म्हणायचं ठरवूनच कराडजवळच्या मलकापूरच्या हॉलात त्यांच्या कार्यक्रमाला पुढं जाऊन बसले. शेजारी पलटणीतला दोस्त लालासाहेब.

पोरं आली. मामाच्या लग्नातले कोट आणि छताखाली काळे गॉगल. नाथाजींनी नाक मुरडलं. वाजायला लागल्यावर तर पाराच चढला. ठोका पडला की गिटारवाला गप्प आणि ठोका सरला की ह्याचं 'च्यॅक'. परेडला एक जण चुकला तर शिक्षा होते. इथं अख्खी टोळी चुकत होती आणि वर हसत होती.

"डावा पायच न्हाई ह्यास्नी," ते लालासाहेबांना म्हणाले. "थांब, दावतो." उठले आणि परेडला ढोलावर पडतो तसा डावा पाय आपटू लागले. पोरं सुधारावीत म्हणून.

पोरं कसली सुधारतात. दोन पावलांच्या मधल्या फटीत गिटार नेमकं बसत होतं आणि त्यावर शिवांजलीचा ट्रम्पेट. म्हातारा नाचतोय असं समजून मागची रांग उठली. बघता बघता नाथाजी घामाघूम, टोपी तिरकी, गुडघे वर. लय मजा येत होती, आणि ते कळल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला.

कार्यक्रम संपल्यावर शिवांजली आली. "आबा, नाचलासा की."

"नाचतोय कशाला? शिकवत हुतो. आन् तिसऱ्या गाण्यात तुझा सूर चिरकला."

"आवं, हवा गळतीया त्यातनं."

नाथाजींनी करदोट्याची किल्ली सोडली आणि तिच्या हातावर ठेवली.

"न्हाई म्हननार हुतास नव्हं?" लालासाहेबांनी विचारलं.

"ती पोरं चुकत्यात, पर वाजवत्यात. मी वीस वरसं एक चूक न करता गप बसलोय."